यंत्र रुग्णाच्या उशाशी, मालकी कोणाची?

रुग्ण रुग्णालयात बरा होतो आणि घरी येऊन विश्रांती घेतो, अशी आजारपणाची सरळ विभागणी एके काळी होती. आज ती राहिलेली नाही. फुफ्फुसांच्या जुनाट विकाराने थकलेले आजोबा, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली आजी, खुब्याचे हाड मोडल्यावर शस्त्रक्रिया झालेली गृहिणी, यांची दीर्घ शुश्रूषा रुग्णालयातून सुटी मिळाल्यानंतरच सुरू होते. सुटीच्या कागदावर औषधांच्या खाली डॉक्टर आणखी चार ओळी लिहून देतात. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, डोक्याकडची बाजू वर करता येणारी खाट, हवेची गादी, वॉकर, रात्री झोपेत श्वासाला आधार देणारे बायपॅप यंत्र. या वस्तू एकदम विकत घेणे सर्वसाधारण कुटुंबाला परवडत नाही आणि त्या किती महिने लागतील हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून त्या भाड्याने आणल्या जातात.

या साध्या दिसणाऱ्या व्यवहारात एक अवघड प्रश्न दडलेला असतो. महिन्यामागून महिने भाडे भरले जाते. काही ठिकाणी ते भाडे विमा कंपनी देते. मग मध्येच विमा कंपनी बदलते, तिच्याबरोबर साहित्य पुरवणाराही बदलतो. अशा वेळी रुग्णाच्या उशाशी असलेले ते यंत्र नेमके कोणाचे? भाडे भरणाऱ्या कुटुंबाचे, पैसे देणाऱ्या विमा कंपनीचे, की ज्याच्या दुकानातून ते आले त्याचे? प्रश्न वकिली वाटतो. परंतु त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे अनामत बुडते, घराघरांत वाद होतात आणि क्वचित रुग्णाचा श्वासही पणाला लागतो.

अनसिंगहून पाहिले तर

वाशीम-पुसद मार्गावरील अनसिंग हे वाशीम तालुक्यातील मोठे गाव. भोवताली सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याची शेते. येथील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. फुफ्फुसे थकल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना दिवसाकाठी किमान पंधरा तास ऑक्सिजन घेण्यास सांगितले आहे. मुलगा पुण्यात नोकरीला, आणि त्याच्या कंपनीच्या गट विम्यात आईवडिलांचाही समावेश आहे. त्या विम्यात घरगुती उपचारांच्या खर्चाची सोय असल्यामुळे अकोल्याच्या दुकानातून आणलेल्या कॉन्सन्ट्रेटरच्या भाड्याची परतफेड होत राहते. चौदा महिने सुरळीत जातात. मग मुलगा नोकरी बदलतो. नव्या कंपनीचा विमा निराळा. नवी विमा कंपनी सांगते की जुन्या यंत्राशी आमचा संबंध नाही. आमच्या यादीतील पुरवठादाराकडून साहित्य घेतल्यास विचार करू.

आता घरात तीन मते उभी राहतात. मुलगा म्हणतो, इतके भाडे गेले की त्यात यंत्राची किंमत वसूल झाली, तेव्हा यंत्र आपलेच. दुकानदार म्हणतो, यंत्र माझे आहे, भाडे थांबले तर मी ते उचलून नेतो. शेजारचे जाणते गृहस्थ म्हणतात, पैसे विमा कंपनीने दिले, म्हणजे मालक तीच. हे कुटुंब येथे केवळ उदाहरणासाठी कल्पिले आहे. परंतु ही तिन्ही मते महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात ऐकू येतात, आणि तिन्ही मते मांडणारे आपापल्या परीने प्रामाणिक असतात. म्हणूनच कायदा काय म्हणतो ते पाहणे आवश्यक ठरते.

भाडे म्हणजे किंमत नव्हे

या गुंत्याची पहिली गाठ अशी की येथे एक करार नसून दोन करार आहेत. पहिला करार यंत्राचा मालक आणि कुटुंब यांच्यातील. दुसरा करार विमा कंपनी आणि विमाधारक यांच्यातील. दुसऱ्या करारान्वये विमा कंपनी कुटुंबाच्या खर्चाची भरपाई करते. ज्या वस्तूसाठी खर्च झाला, त्या वस्तूशी तिचे नाते जडत नाही. दवाखान्याचे बिल विमा कंपनीने भरले म्हणून दवाखान्याची खाट तिच्या मालकीची होत नाही, तसेच हे. म्हणून विमा कंपनी बदलली, तरी यंत्राच्या मालकीत तिळमात्र फरक पडत नाही. जो काल मालक होता तोच आजही मालक असतो.

दुसरी गाठ भाड्याची. भारतीय वस्तुविक्री अधिनियम १९३० सांगतो की वस्तूची मालकी दोन्ही पक्षांच्या मनात ती ज्या वेळी हस्तांतरित व्हावी असे असेल, त्या वेळी हस्तांतरित होते. अर्थात विक्रीचा करारच झाला नसेल, तर कितीही भाडे भरले तरी त्या भाड्याची किंमत बनत नाही. भाडेकरूने वीस वर्षे भाडे भरल्याने घर त्याचे होत नाही, हे सर्वांना मान्य असते. कॉन्सन्ट्रेटरच्या बाबतीत मात्र मन तेवढे स्वच्छ राहत नाही, कारण यंत्राची किंमत लहान आणि भाडे डोळ्यांत भरणारे असते. ‘अमुक महिने भाडे दिल्यावर यंत्र ग्राहकाचे होईल’ असे लेखी ठरले असेल, तरच ते ग्राहकाचे. तोंडी आश्वासनावर विसंबणाऱ्याच्या हाती शेवटी काही लागत नाही.

याचे रोजच्या परिचयाचे उदाहरण स्वयंपाकघरातच आहे. गॅसचे सिलिंडर वर्षानुवर्षे घरात असते. तरीही ते तेल कंपनीचे असते, कुटुंबाची असते ती केवळ अनामत. जोडणी घेताना त्या अनामतीचा कागद मिळतो. कंपनी बदलायची झाल्यास सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करायचे, अनामत परत घ्यायची आणि नव्या कंपनीकडे नवी अनामत भरायची, अशी वाट ठरलेली आहे. वस्तू कोणाची, पैसे कोणाचे आणि कंपनी बदलताना काय करायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे आधीच लिहून ठेवलेली असतात, म्हणून सहसा भांडण होत नाही. रुग्णसाहित्याच्या व्यवहारात उणीव आहे ती याच कागदाची.

दुसऱ्याची वस्तू सांभाळण्याचा धर्म

भाड्याने किंवा विनामूल्य घेतलेल्या परक्या वस्तूचा कायदा भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम १४८ ते १८१ मध्ये आहे. मराठीत त्याला ‘निक्षेप’ असे म्हणतात. त्यातील काही तरतुदी रुग्णाच्या कुटुंबाने लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

कलम १५१ प्रमाणे घेणाऱ्याने त्या वस्तूची एवढी काळजी घ्यायची, जेवढी एखादा समंजस माणूस आपल्या स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. एवढी काळजी घेऊनही वस्तू बिघडली, तर कलम १५२ नुसार, वेगळे ठरलेले नसल्यास, तो जबाबदार ठरत नाही. गावातील विजेचा दाब अचानक वाढला आणि यंत्राचे सर्किट जळले, तर संपूर्ण अनामत गिळंकृत करणाऱ्या दुकानदाराला हे कलम दाखवता येते. मात्र यंत्र ज्या कामासाठी आणले त्याहून वेगळ्या कामासाठी किंवा ठरलेल्या अटींविरुद्ध वापरले, तर कलम १५४ नुसार नुकसानभरपाई घेणाऱ्यावर येते. स्वतःच्या वडिलांसाठी आणलेले यंत्र दुकानदाराला न विचारता मावशीच्या गावी पाठवणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

दुसऱ्या बाजूलाही तेवढीच कठोर तरतूद आहे. कलम १५० म्हणते की वस्तूतील ठाऊक असलेले दोष देणाऱ्याने सांगितलेच पाहिजेत. वस्तू भाड्याने दिली असेल, तर तो दोष देणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, त्यातून होणाऱ्या हानीला तो जबाबदार असतो. भाडे घेणे म्हणजे ही जबाबदारी घेणे होय. कलम १६० नुसार मुदत संपताच किंवा काम पूर्ण होताच वस्तू मागणीची वाट न पाहता परत करायची असते. ती तशी परत न केल्यास त्यानंतरच्या नुकसानीचा भार कलम १६१ घेणाऱ्यावर टाकते. विनामूल्य दिलेल्या वस्तूच्या बाबतीत देणारा वा घेणारा निवर्तल्यास तो व्यवहार संपतो, असे कलम १६२ सांगते.

हा कायदा इंग्रजी राजवटीत झाला खरा. परंतु त्यातील विचार या भूमीला नवा नव्हता. मनूने व्यवहाराचे जे अठरा विषय मोजले, त्यांत ऋणादानापाठोपाठ निक्षेप येतो. याज्ञवल्क्य स्मृतीत उपनिधीचे स्वतंत्र प्रकरण आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसऱ्या अधिकरणाचा बारावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे, आणि त्यात मागून आणलेली वस्तू व भाड्याने आणलेली वस्तू अशा दोन्हींचा स्पष्ट उल्लेख येतो. जशी घेतली तशीच परत करावी, हा नियम. आणि आपत्तीमुळे ती नष्ट झाली तर घेणाऱ्यावर दोष नाही, हा अपवाद. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यवहारशास्त्रात भाड्याच्या वस्तूंचा एवढा सूक्ष्म विचार झालेला असताना, आजच्या काळात हजारो रुपयांचे यंत्र एका चिठ्ठीवर घरी यावे आणि अखेरीस कोणाचे काय हेच कळू नये, ही स्थिती आपल्याला शोभणारी नाही.

विम्याची कुंपणे

भारतात आरोग्य विम्याची घडण मुळात रुग्णालयातील खाटेभोवती झाली आहे. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१३ साली आरोग्य विम्याचे प्रमाणीकरण करताना सहसा न मिळणाऱ्या खर्चांची लांबलचक यादी प्रसिद्ध केली. रुग्णालयाबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, नेब्युलायझरचा संच, चालण्याची साधने, मानेचा व कमरेचा पट्टा अशा वस्तू त्या यादीत होत्या. घरी राहून घेतलेल्या उपचारांची सोय काही पॉलिसींमध्ये असते, परंतु तिच्या अटी कडक असतात. रुग्णाला हलवणे अशक्य आहे किंवा रुग्णालयात खाट उपलब्ध नाही, अशा प्रसंगांपुरती ती मर्यादित असते.

या कुंपणाला पहिली ठळक फट कोरोनाने पाडली. १० जुलै २०२० पासून उपलब्ध झालेल्या ‘कोरोना कवच’ या प्रमाणित पॉलिसीत चौदा दिवसांपर्यंतच्या घरगुती उपचारांचा समावेश होता आणि त्यात पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर व नेब्युलायझरचा खर्चही धरला होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत कॉन्सन्ट्रेटरची मागणी इतकी वाढली की पंतप्रधान केअर्स निधीतून एक लाख यंत्रे घेण्याचा निर्णय २८ एप्रिल २०२१ रोजी झाला. नफेखोरी आवरण्यासाठी औषध किंमत प्राधिकरणाने ३ जून २०२१ रोजी कॉन्सन्ट्रेटरवरील व्यापारी नफा सत्तर टक्क्यांवर रोखला. संकटाच्या त्या दिवसांत घराघरांत यंत्रे आली. कोणी विकत घेतली, कोणी भाड्याने, कोणी नातलगांकडून, कोणी संस्थेकडून. लाट ओसरल्यावर त्यांतील कित्येक यंत्रे माळ्यावर गेली. ती कोणाची, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. आता कोणी ती विकायला काढली, तर मात्र तो विचारावाच लागेल. कारण जो स्वतः मालक नाही, त्याच्याकडून विकत घेणाराही सर्वसाधारणपणे मालक होत नाही, हाही वस्तुविक्री अधिनियमाचाच नियम आहे.

विमा कंपनी बदलण्याची मुभा भारतात १ ऑक्टोबर २०११ पासून आहे. जुन्या आजारांसाठीचा जो प्रतीक्षा काळ विमाधारकाने पहिल्या कंपनीकडे पूर्ण केला, त्याचे श्रेय दुसऱ्या कंपनीकडे सोबत जाते, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ. परंतु सोबत जातो तो केवळ काळ. पहिल्या कंपनीने मान्य केलेले भाडे, तिने निवडलेला पुरवठादार, तिने दिलेली मंजुरी, यांतील काहीही सोबत जात नाही. नवी पॉलिसी हा नवा करार असतो. म्हणजे रुग्णाचा आजार तोच, यंत्र तेच, श्वासही तोच. केवळ कागद बदलल्यामुळे आर्थिक आधार तुटतो.

शासकीय योजनांचे चित्र याहून फार निराळे नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणारी योजना महाराष्ट्रासाठी मोठा आधार ठरली. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या ज्या चौदा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना, पांढरे शिधापत्रक असले तरी, तिचा लाभ मिळाला, त्यांत वाशीमही होता. पुढे तिचे संरक्षण प्रति कुटुंब पाच लाख रुपयांपर्यंत वाढवून ती राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचा निर्णय झाला. परंतु योजनेचा गाभा रुग्णालयात होणाऱ्या शस्त्रक्रिया व उपचार हाच आहे. रुग्णालयाच्या दारातून बाहेर पडलेल्या रुग्णाला घरी लागणारी खाट आणि यंत्र ही त्याच्या कुटुंबाची चिंता राहते.

अमेरिकेचा अनुभव

जेथे विमाच घरगुती यंत्राचे भाडे देतो, तेथे काय घडते हे अमेरिकेत पाहता येते. मुलांकडे कायमचे राहायला गेलेल्या आणि तेथील ज्येष्ठ नागरिकांच्या मेडिकेअर योजनेला पात्र ठरलेल्या मराठी आईवडिलांना याचा अनुभव येतो. या योजनेत झोपेतील श्वासाचे सीपॅप यंत्र, रुग्णालयी खाट यांसारख्या वस्तूंसाठी तेरा महिने भाडे दिले जाते आणि त्यानंतर वस्तू रुग्णाच्या मालकीची होते. २००५ च्या वित्तविषयक कायद्याने ही रीत पक्की केली. ऑक्सिजनच्या साहित्याची मालकी छत्तीस महिन्यांनंतर रुग्णाकडे द्यावी, असेही त्याच कायद्यात होते. परंतु मालकीबरोबर दुरुस्तीची चिंताही वृद्ध रुग्णाच्या माथी येणार, हे ध्यानात आल्यावर २००८ साली ती तरतूद बदलली गेली. तेव्हापासून छत्तीस महिन्यांनंतर भाडे थांबते, मालकी पुरवठादाराकडेच राहते आणि पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत यंत्र पुरवण्याचे व सांभाळण्याचे उत्तरदायित्वही त्याच्यावरच असते.

यातून घेण्याजोगा धडा मोलाचा आहे. मालकी ही प्रत्येक वेळी लाभाचीच असते असे नाही. साध्या वस्तूची मालकी रुग्णाला मिळणे हिताचे. ज्या यंत्राला सतत देखभाल लागते, त्याची मालकी जाणकाराकडे राहून वापराची हमी रुग्णाला मिळणे अधिक हिताचे. अमेरिकेने हा भेद कायद्यात लिहून ठेवला. अर्थात तेथेही सर्व आलबेल नाही. नोकरीसोबत खाजगी विमा बदलला की अनेकदा नव्या विमा कंपनीकडे भाड्याची गणती पहिल्या महिन्यापासून सुरू होते आणि जुन्या यंत्राची मालकी हाती यायला दोन-तीन महिने उरले असताना ते परत करण्याची पाळी येते. समृद्ध देशातही मालकीचा प्रश्न कराराच्या एका ओळीवर अडतो, तेथे अनसिंगच्या शिक्षकांची काय कथा?

मालक कोण, हे का कळावे?

कोणी म्हणेल, यंत्र चालू आहे ना, मग मालक कोण याची उठाठेव कशाला? याचे उत्तर यंत्राच्या पोटात आहे. कॉन्सन्ट्रेटर हवेतील नत्रवायू झिओलाइट नावाच्या खनिजात शोषून घेतो आणि उरलेला ऑक्सिजन रुग्णाला देतो. हे खनिज कालांतराने निकामी होत जाते. यंत्र घरघरत राहते, नळीतून हवा येत राहते, परंतु तिच्यातील ऑक्सिजनचे प्रमाण घटलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हे प्रमाण ८२ टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. ते मोजायचे कोणी? गाळणी बदलायची कोणी? मालक निश्चित असेल, तरच या प्रश्नांना उत्तर मिळते.

याहून गंभीर उदाहरण १४ जून २०२१ चे. फिलिप्स कंपनीने त्या दिवशी आपली अनेक सीपॅप व बायपॅप यंत्रे परत मागवण्याची घोषणा केली. आवाज कमी करण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण रुग्णाच्या श्वासात जाण्याचा धोका होता. अशा वेळी सूचना पोहोचते ती ज्याच्या नावे यंत्राची नोंद आहे त्याच्याकडे. यंत्र दुकानदाराच्या नावे, भाडेपावती मुलाच्या नावे, विमा तिसऱ्याच कंपनीचा आणि झोपणारे वडील अनसिंगला, अशी स्थिती असेल, तर ती सूचना वडिलांच्या उशापर्यंत पोहोचणार कशी? मालकीचा प्रश्न संपत्तीचा वाटतो. प्रत्यक्षात तो उत्तरदायित्वाचा आहे.

समाजाची मालकी

या कोंडीतून एक तिसरी वाट महाराष्ट्राने स्वतःच शोधलेली आहे. गावोगावच्या संस्थांनी चालवलेली रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे ही ती वाट. १९७२ च्या दुष्काळात कार्यारंभ केलेल्या रा. स्व. संघ जनकल्याण समितीने अशी केंद्रे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी उभी केली. रोटरी, लायन्स, विविध ज्ञातिसंस्था, गणेशोत्सव मंडळे आणि देवस्थानेही हे काम करतात. खाट, चाकांची खुर्ची, वॉकर, हवेची गादी, कॉन्सन्ट्रेटर अशा वस्तू परत मिळणारी अनामत आणि नाममात्र शुल्क घेऊन दिल्या जातात. गरज संपली की वस्तू परत येते आणि दुसऱ्या घरी जाते.

या व्यवस्थेत मालकीचा वाद मुळातच उद्भवत नाही, कारण वस्तू समाजाची आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. विमा कोणता आहे, तो बदलला की नाही, याची चौकशी तेथे होत नाही. आईच्या आजारपणासाठी घेतलेली खाट तिच्या पश्चात केंद्राला देऊन टाकणारी कितीतरी घरे आहेत. खाजगी मालकीची वस्तू अशा रीतीने समाजाची होते आणि एकाच खाटेवर वर्षानुवर्षे अनेक घरांतील रुग्णांची शुश्रूषा होते.

तथापि भावनेच्या भरात व्यवस्थेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. केंद्रांतही वस्तू वेळेवर परत न येण्याचे दुखणे आहे. रुग्ण दगावल्यावर घर दुःखात असते, खाट उचलून आणायला कोणी धजावत नाही, आणि तिकडे दुसरा रुग्ण वाट पाहत असतो. अनामत थोडी असली की ती सोडून देण्याकडे कल वाढतो. यंत्राची नियमित तपासणी करणारा जाणकार सर्वत्र उपलब्ध नसतो. सेवाभावाला नोंदवहीची, मुदतीची आणि तपासणीच्या तारखेची जोड मिळाली पाहिजे. कार्यकर्त्याने चार दिवसांनी विनम्रपणे केलेली आठवण हीसुद्धा सेवाच असते.

काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट कुटुंबाच्या हाती आहे. साहित्य आणताना एक पानाचा मराठी कागद मागावा. त्यावर यंत्राचे नाव व क्रमांक, मालकाचे नाव, भाडे, अनामत, दुरुस्ती कोणी करायची, यंत्र बंद पडल्यास किती तासांत बदली यंत्र मिळेल आणि भाड्याचे रूपांतर खरेदीत होणार असल्यास कोणत्या महिन्यानंतर, एवढे लिहिलेले असावे. वस्तू घेताना व देताना मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. नोकरी किंवा विमा बदलण्यापूर्वी नव्या कंपनीला जुन्या यंत्राविषयी लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत जुने यंत्र परत करू नये. एक महिन्याचे भाडे खिशातून गेले तरी चालेल, श्वासात खंड पडता कामा नये.

दुसरी गोष्ट तक्रारीची. पैसे देऊन अशी सेवा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ खाली ग्राहक ठरतो. अनामत अडवली गेल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्कही लागत नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची स्थापना केली, ती ग्राहकाने आपले हक्क जाणावेत यासाठीच. गट विमा किंवा भाड्याचे साहित्य हे त्या जागृतीचे नवे क्षेत्र आहे आणि तेथे ग्राहक कार्यकर्त्यांना पुष्कळ काम करता येईल.

तिसरी गोष्ट विमा नियामकाची. घरगुती उपचारांचा विमा विकणाऱ्या प्रत्येक कंपनीने पॉलिसीत यंत्राच्या मालकीविषयी एक स्पष्ट परिच्छेद घालावा, अशी सक्ती व्हावी. विमा बदलताना प्रतीक्षा काळाचे श्रेय जसे सोबत जाते, तशीच चालू असलेल्या घरगुती साहित्याची मंजुरीही किमान साठ दिवस सोबत जावी. तेवढ्या अवधीत नवी व्यवस्था लावता येते आणि रुग्ण उघड्यावर पडत नाही. या बदलासाठी सरकारच्या तिजोरीतून फारसा पैसा लागणार नाही. लागेल तो केवळ रुग्णाच्या बाजूने विचार करण्याचा निश्चय.

आणि चौथी गोष्ट गावाची. अनसिंगसारख्या प्रत्येक मोठ्या गावात एक सुसज्ज साहित्य केंद्र असावे. ग्रामपंचायत, संस्था आणि गावातील डॉक्टर यांनी मनावर घेतल्यास ते अशक्य नाही. कोरोनाकाळातील माळ्यावरची यंत्रे, ज्यांची मालकी निर्विवाद आहे ती, तपासून घेऊन अशा केंद्रांना द्यावीत. वीज गेल्यावर उपयोगी पडणारा भरलेला सिलिंडर तेथे सदैव तयार असावा. वाशीम किंवा अकोल्याहून यंत्र येईपर्यंतची एक रात्रही फुफ्फुसाच्या रुग्णासाठी फार मोठी असते.

वस्तू दुसऱ्याची आहे हे जाणून ती जपणारा आणि ती आपली आहे हे जाणून तिच्या दोषांची जबाबदारी घेणारा, अशा दोघांमध्ये वादाला जागा उरत नाही. विमा येईल आणि जाईल, कंपन्या बदलतील, पुरवठादार बदलतील. त्या सर्व बदलांमध्ये रुग्णाचा श्वास अखंड राहावा, एवढीच मालकीच्या या साऱ्या ऊहापोहाची कसोटी आहे. आणि त्या कसोटीला उतरणारी व्यवस्था उभी करणे हे शासनाइतकेच समाजाचेही कर्तव्य आहे.